बायोडेटात मामाचं गाव

माझा जप होईपर्यंत मी बोलत नाही, हे माझ्या पुतणीला, सानवीला ठाऊक आहे. म्हणून मी हाताने लिहिलेला बायोडेटा मांडीवर घेऊन ती ओठ दाबून बसली होती. मी माळ ठेवली तशी तिला हसू फुटलं.

"काकी, तू नोकरी मागतेयस की नवरा?"

बोलली आणि तिने जीभ चावली. तिचे रितेशकाका, म्हणजे आमचे हे, जाऊन वर्षही झालं नव्हतं. मीही हसले. अशा जागी हसायचं असतं, एवढं मला अजून समजतं.

मी बायोडेटा एकच पाहिला होता, माझ्या लग्नाचा. त्यावरूनच हा उतरवला. वर श्रीगणेशाय नमः. मग उंची, वर्ण, रास, देवक, कुलस्वामिनी, मामाचं गाव संगमेश्वर. शिक्षण तळाशी, बारावी पास. सोबत समईपाशी उभ्याने काढलेला माझा फोटो.

गणपतीपुळ्याला एका यात्री निवासात कोठीघर सांभाळायला बाई हवी होती. ती जागा नाही मिळाली तर माझे दीर, महिपतभाऊजी, मला डोंबिवलीला नेणार होते. "वहिनी, देव घेऊन या, एक फळी मोकळी करून ठेवतो," असं म्हणाले. माणूस वाईट नाही. पण रत्नागिरीतलं घर बंद होणार, देव डब्यात बसून रेल्वेने जाणार. मला रडू यायला हवं होतं. ते नुसतं कळत होतं, येत नव्हतं.

सानवी लॅपटॉपवर एकेक ओळ काढत गेली.

"रास काय करायची गो? ते काय पत्रिका जुळवणारेत?"

"देवीचं नाव तरी राहू दे."

"देवी मनात ठेव. एक पान, साधा फोटो, फोन नंबर. बास."

सगळं काढल्यावर पान जवळजवळ कोरं राहिलं. मग तिनेच कुठून तरी एक वाक्य आणून डकवलं, 'मी डायनॅमिक आणि टीम प्लेअर आहे.'

"मी डायनॅमिक आहे का?"

"सगळेच असतात."

"मग सांगायचं कशाला?"

तिने तेही पुसलं. अनुभवाशी येऊन थांबली. लग्नाआधी मी अंगणवाडीत मदतनीस होते. त्यानंतर घर. शेवटची चार वर्षं हे अर्धांगवायूने अंथरुणावर, मी उशाशी.

"एवढी मोठी फट दिसता कामा नये," सानवी म्हणाली. "मामाकडच्या विनीतदादाच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होतीस, असं लिहिते. विचारलं तर दादा हो म्हणेल."

"नको."

"अगो, देवाला काय कळतंय?"

"देवाचं राहू दे. ती चार वर्षं मी घरात होते. नव्हते असं कसं म्हणू?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं, 'चार वर्षे पतीची शुश्रूषा.'

मंगळवारी सकाळी पूजा आटोपून मी एसटीने गेले. यात्री निवासाच्या व्यवस्थापक दिशाबाई, वयाने सानवीहून थोड्या मोठ्या. त्यांनी पान वाचलं.

"कोठीचं काम कधी केलंय?"

"घरचीच. बाहेरची नाही."

"आणि ही शुश्रूषा? आता मध्येच रजा घ्यावी लागेल का? पेशंट कसे आहेत?"

"नाहीत आता."

त्यांनी मान खाली घातली. मला त्यांचंच वाईट वाटलं, स्वतःचं नाही. बाहेर यात्रेकरूंची मुलं समुद्राकडे धावत होती. मी पंख्याकडे बघत बसले.

"इथे जेवणाऱ्यांचा नेम नसतो," त्या म्हणाल्या. "संकष्टीला तर झुंबड. तुमचा उपास असेल ना?"

"असतो. उपासाला माझे हात बांधलेले नसतात."

त्या पहिल्यांदा हसल्या. "आधीच्या बाईने सहा ठिकाणचा अनुभव लिहिला होता. फोन केले, एकही खरा निघाला नाही. महिनाभर बघू या. हा फॉर्म भरा."

मी भरू लागले. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, त्या रकान्यात हात आपसूक चालला. रितेश, आणि पुढे त्यांचा नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत. मग पेन थांबलं. छातीत काहीतरी हललं आणि तसंच राहिलं.

"खाडाखोड झाली," मी म्हणाले.

दिशाबाईंनी फॉर्म आपल्याकडे वळवून पाहिला, पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "चालेल. खाली लिहा."

मी एक सरळ रेघ ओढली. खाली सानवीचं नाव लिहिलं.