हं म्हणण्याची सवय

मी चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलायचा, वकील त्याला मध्येच तोडायचे, न्यायाधीश दोघांना गप्प करायचे आणि मी ते सगळं जसंच्या तसं शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचो. शॉर्टहँडमध्ये शब्द लिहीत नाहीत, आवाज लिहितात. व्यंजनाला रेघ, स्वराला ठिपका. कानात आलेला आवाज थेट बोटांत उतरला पाहिजे. वाटेत अर्थाशी गप्पा मारत बसला की पुढचं वाक्य हुकलंच. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "समजून घ्यायला गेलास की मागे पडशील." मी कधी मागे पडलो नाही. दिवसभर खुनाचा खटला चाले आणि संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज काय झालं?" तर मला खरोखर सांगता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी टाइप करताना कळायचं, कोणी कोणाला मारलं ते.

ही सवय माझ्याबरोबर घरी आली. बायको बोलकी. पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास, आठ-दहा मुली, चार मशीनं, आणि त्या सगळ्या खडखडाटाच्या वर तिचा आवाज. क्लास सुटला की उरलेलं ती माझ्याशी बोलायची आणि मी पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणायचो. कधीतरी ती थांबायची.

"काय म्हणाले मी आत्ता?"

मी तिचं शेवटचं वाक्य तिच्याच ठेक्यात, एक अक्षर इकडचं तिकडे न करता म्हणून दाखवायचो. त्याने ती जास्तच भडकायची. "शब्दन् शब्द पाठ, आणि ऐकलं मात्र काहीच नाहीत. कसलं डोकं आहे हो तुमचं?"

मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. एका मंगळवारी साडेअकराला क्लासची पहिली मुलगी आली आणि दोनच मिनिटांत आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "काका, बाई कसंतरीच बोलतायत."

मी बाहेर गेलो. बायको कापायच्या टेबलापाशी उभी होती. हातात कात्री, खांद्यावर मापाची टेप, चेहरा नेहमीसारखा. मला पाहून म्हणाली, "अहो, हिला त्या गरटाचं वेळं करून द्या बघू, मघापासून पाणसतेय." आवाज तिचा होता, भुवया उडवायची तऱ्हाही तिचीच. वाक्याला सुरुवात होती, शेवट होता, मध्ये ती श्वासही नेमका घेत होती. फक्त त्यात काही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये पोचायला पाऊण वाजला. डॉक्टर तरुण होता. मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून त्याने डाव्या कानामागची जागा दाखवली. रक्ताची गुठळी अडकली होती. हातपाय शाबूत होते, तोंड वाकडं झालं नव्हतं.

"शेवटचं नीट कधी बोलल्या त्या?" त्याने विचारलं. "नक्की वेळ सांगा. साडेचार तासांच्या आत असेल तर एक इंजेक्शन देता येतं."

मी डोळे मिटले. सकाळपासूनचं सगळं माझ्या कानात जसंच्या तसं पडलेलं होतं, टाइप न केलेल्या वहीसारखं. मी ते पहिल्यांदाच वाचत होतो. दहा वाजता ती म्हणाली होती, "त्या पालटीला खुंटं करून सोडा, म्हणजे वारसं येईल." मी हं म्हटलं होतं. नऊला, "मी आपली चार मंदं घालून येते." हं. आठ वाजता, "दाराचं काज उघडं राहिलंय हो." तेव्हाही हं. आणि साडेसातला, कप माझ्यापुढे ठेवताना, "चहा उसवून ठेवलाय, गार होईल." ओतून म्हणायचं होतं तिला. त्याच्या आधी, सात वाजता, दुधाबद्दल ती जे बोलली ते सगळं बरोबर होतं.

"सात वाजता," मी म्हणालो.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे पावणेसहा तास झाले. इतका वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"मी बाहेर गेलो होतो," मी सांगितलं. वेळ खरी सांगितली होती, हे मात्र खोटं. तेच आमच्या मुलीलाही फोनवर सांगितलं. ती परदेशी असते. दुसऱ्या दिवशी विमानाने आली, दोन आठवडे राहिली, आईचे केस विंचरले, औषधांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "तुम्ही नेमके त्याच दिवशी कुठे गेला होतात, बाबा?" मी बँकेत म्हणालो.

क्लास बंद झाला. मशीनं तिथेच होती, पण मुली येईनाशा झाल्या. पहिले काही दिवस डबे घेऊन आल्या, तिच्यासमोर बसल्या, ती भरभरून बोलली आणि मुली नुसत्या मान हलवत राहिल्या. मग त्यांनी दाराशीच डबा द्यायला सुरुवात केली, मग तेही थांबलं. मला त्यांचा राग आला नाही. समोरचं माणूस आपल्याशी मनापासून बोलतंय आणि आपल्याला काही कळत नाही, हे फार वेळ सोसवत नाही.

गंमत म्हणजे तिला स्वतःला काही चुकतंय हे ठाऊकच नव्हतं. आम्हीच सगळे एकाएकी मठ्ठ झालो आहोत असं तिला वाटायचं. मी काही बोललो की ती माझ्या ओठांकडे बघायची, माझ्या तोंडून दगड पडत असल्यासारखी.

वाचेचे उपचार करायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं. "बोलण्याचा ओघ शाबूत आहे त्यांचा. नेमका शब्द निवडायची आणि ऐकलेल्याचा अर्थ लावायची यंत्रणा जखमी झालीय. आपण बोलताना स्वतःचं बोलणंही ऐकत असतो, चुकलं की लगेच दुरुस्त करतो. त्यांना ते करता येत नाही."

"म्हणजे आवाज येतो आणि जातो, मध्ये कोणी घरात नाही," मी म्हणालो.

"असं म्हणता येईल."

हे वर्णन कोणाचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी सांगितलं, घरी काय बोलतात ते जमेल तेवढं टिपून ठेवा. ते तर माझं कामच होतं. मी नवी वही आणली, पेन्सिलींना टोक केलं आणि सकाळपासून तिच्यामागे फिरू लागलो. ती बोलायची, मी लिहायचो. रोजची बारा-पंधरा पानं व्हायची. दुपारी ती झोपली की मी टेबलाशी बसून वाचायचो, आणि हळूहळू त्यात काहीतरी दिसायला लागलं. पांघरुणाला ती अस्तर म्हणत होती. छत्रीलाही अस्तर, पातेल्यावरच्या झाकणालाही अस्तर. दार, खिडकी, माझा चष्मा, ही सगळी काजं होती. वाट्टेल ते शब्द नव्हते हे. तिच्या हाताखालून जे तीस वर्षं गेलं होतं, तेच तिच्या हाताला लागत होतं.

मी मागच्या पानावर कोश करायला घेतला. महिन्याभरात एकतीस शब्द पक्के झाले. एकदा ती चिडून "अस्तर, अस्तर" म्हणत होती आणि मी उठून दुधावर झाकण ठेवलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला दिवसभर दुसरं काही नको होतं. पहिल्या दिवशीचा तो गरट मात्र सुटत नव्हता. तो साठ-सत्तर वेळा आला आणि एकदाही माझ्या हाती लागला नाही.

बाईंनी कोश पाहिला, हसल्या नाहीत, नीट वाचला. "छान केलंय तुम्ही. पण काका, यावर भिस्त ठेवू नका. हे शब्द सरकतात. आज अस्तर म्हणजे पांघरूण असेल, पुढच्या महिन्यात काहीच नसेल."

तसंच झालं. चौथ्या महिन्यात अस्तर येईनासा झाला, काज फक्त कधीतरी, आणि त्यांच्या जागी असे शब्द आले ज्यांना शिवणाचाही वास नव्हता. माझा कोश एखाद्या उठून गेलेल्या गावाच्या नकाशासारखा झाला. तरी मी लिहीत राहिलो, दुसरं काय करणार. बाजारात ती भाजीवाल्याशी इतक्या झोकात बोलली की त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, मावशी कुठल्या मुलखातल्या? बोली गोड आहे." मला हसू आलं. घरी जाऊन ते सांगायला माणूस मात्र नव्हतं. होतं, पण सांगता येत नव्हतं.

एक दिवस बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सतत वहीकडेच बघता. त्यांच्याकडे बघत जा ना." खरं होतं ते. कोर्टातही मी साक्षीदारांचे चेहरे पाहिले नव्हते. मी वही मिटली. लिहिणं बंद केलं तेव्हा दिसलं, ती बोलण्याच्या आधी बघते. ज्या वस्तूबद्दल बोलायचं तिच्याकडे क्षणभर बघते आणि मग माझ्याकडे वळते. तेवढ्यावरून निम्मं कळायचं. हे ती लग्न झाल्यापासून करत असणार.

सहाव्या महिन्यात तिचं ऐकणं सुधारलं. साधी, छोटी वाक्यं तिला कळायला लागली. "जेवायचं?" म्हटलं की उठायची. बाई खूश होत्या. त्यांनी फोनवर तिचंच बोलणं रेकॉर्ड करून तिला ऐकवलं. आधी ती हसली, कोणीतरी वेड्यासारखं बोलतंय म्हणून. मग हसू थांबलं. तिने फोनकडे पाहिलं, बाईंकडे, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाईंनी हळूच मान हलवली.

त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली.

"ही प्रगती आहे," बाई जिन्यात मला म्हणाल्या. "आपली चूक त्यांना ऐकू यायला लागली." मी हो म्हणालो. पण वर आल्यावर घरात मशीनं नव्हती चालू, मुली नव्हत्या, आणि आता तीही नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायची. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं या घरात बोलायचं काम एकाच माणसाने केलं होतं. मी तिच्यासमोर बसून काही सुचतंय का बघायचो. पाव आणला. जिन्याचा दिवा गेलाय. दोन वाक्यांत माझा साठा संपायचा. दोन महिने असे गेले.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं. "त्या दिवशी. सकाळी. तू चुकीचं बोलत होतीस. साडेसातपासून. मी घरात होतो. मी ऐकलं नाही. मी हं म्हणत बसलो. लवकर नेलं असतं, तर औषध मिळालं असतं."

ती बघत राहिली. मला वाटलं, पोचलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं तशी तिने हात वर केला. मग तिने बोलायला सुरुवात केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शब्द एकही ओळखीचा नव्हता, पण चाल ओळखीची होती. आधी खालच्या पट्टीत, मग एकेक पायरी चढत, शेवटी प्रश्नासारखं वर नेऊन सोडून दिलेलं. ती मला झापत होती. पाच-सात मिनिटं न थांबता झापत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती थांबत नव्हती. मी मान खाली घातली नाही. तिच्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तिलाही सांगितलं.

"म्हणजे बँक वगैरे काही नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"इतके महिने तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो."

तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिचा फोन आला नाही. मी संध्याकाळपर्यंत फोन शेजारी घेऊन बसलो होतो. बायको दोनदा येऊन त्याच्याकडे बघून गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी आला. मुलगी तुटक बोलत होती, औषधं, डॉक्टर, हवा. तेवढ्यात बायको दारात येऊन काहीतरी म्हणाली. त्या झापण्यानंतर ती पुन्हा बोलायला लागली होती, पूर्वीइतकं नाही, पण अडलं की बोलायची. माझ्या तोंडून हं निघून गेला.

"काय म्हणाली आई?" मुलीने विचारलं.

"माहीत नाही."

"मग हं का म्हणालात?"

मी फोन टेबलावर ठेवला. "कळलं नाही गं मला," मी बायकोला म्हणालो. "परत सांग."

तिने परत सांगितलं, वेगळ्याच शब्दांत. मी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाहीच, सरळ माझी बाही धरून ओढत नेलं. न्हाणीघरातला नळ मी उघडा ठेवला होता. बादली भरून वाहत होती आणि पाणी आतल्या खोलीपर्यंत आलं होतं. मी नळ बंद केला, फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो. ती वर उभी राहून बोलत होती, बहुतेक कुठला कोपरा राहिला ते.

परत आलो तेव्हा मला वाटलं फोन बंद झाला असेल. मुलगी अजून फोनवर होती.

"काय म्हणत होती ती?"

"बादली भरली म्हणत होती."

"एवढा वेळ तेवढंच?"

"नाही. अजून बरंच म्हणत होती. ते मला कळलं नाही."

ती म्हणाली, "तिला द्या फोन."

मी दिला, आणि राहिलेली फरशी पुसायला गेलो.