वर्नाचं खोडरबर

मी गुणांची वही बोलतेय. जरा हळूच बोलेन हं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या खणात दालचिनीच्या वासात झोपले होते, अजून गुंगी उतरलेली नाही.

विस्कॉन्सिनमधल्या एका नदीकाठच्या कागद गिरणीत माझा जन्म झाला. ऑर्व्हल टेश तिथेच कामाला होता आणि रविवारी गिरणीच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. माझा कागद त्याच्याच पाळीत निघाला असावा, असं आपलं मला वाटतं.

गुण लिहायचं काम त्याच्या बायकोकडे, वर्नाकडे. तिच्याइतकं वळणदार अक्षर गावात कुणाचंच नव्हतं. बारा उन्हाळे मी तिच्या मांडीवर काढले. कापलेल्या गवताचा वास, तळलेल्या चीजचा वास, चेंडू उंच उडाला की वर झालेल्या माना. अजून डोळे मिटले की तेच दिसतं.

आमच्यात एक नियम असतो. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला, तर लिहायचं ‘चूक’. त्या चुकीची धाव पिचरच्या नावावर चढत नाही. चेंडू खरोखर चांगला टोलवला, तर ‘फटका’, आणि ती धाव पिचरच्या माथी. अशा धावांची सरासरी जितकी कमी, तितका पिचर मोठा. चूक की फटका, हे वर्नाने ठरवायचं.

पुढच्या बाकावरच्या बायका काय गप्प बसतात! “ऑर्व्हलला कसली काळजी? पेन्सिल घरचीच आहे.” वर्ना ऐकायची. कधीकधी चेंडू निसटला की ती आधी ‘चूक’ लिहायची, मग त्या बाकाकडे बघायची, मग खोडरबर काढायची आणि वर ‘फटका’ लिहायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

शेवटच्या सामन्यात चेंडू चक्क क्षेत्ररक्षकाच्या दोन पायांमधून गेला. सामना हातचा गेला. घरी जाताना ऑर्व्हलने विचारलं, “वर्ना, तुला तो फटका वाटला?”

“वाटला,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पण ते त्याच्या मनाला लागलं, ते लागलंच. माझी रवानगी खणात झाली. तीन हिवाळ्यांपूर्वी वर्नाही गेली.

यंदा मैदानाच्या भिंतीवर जुन्या पिचरांची नावं कोरायचं ठरलं. समितीची मार्सी ओलंड घरी आली, माझी पानं उलटून आकडेमोड केली आणि ओशाळून म्हणाली, “काका, सरासरी तीनच्या आत हवी. तुमची तीन पूर्णांक सहा शतांश भरते.”

“असू दे गं,” ऑर्व्हल म्हणाला. पण कॉफी तशीच निवली.

ती गेल्यावर त्याच्या मुलीने, कार्लाने, मला खिडकीशी धरलं. उन्हात माझी जुनी खोडाखोड उमटली.

“बाबा, हे बघा. खाली ‘चूक’ लिहिलंय. आणि इथेही. अकरा ठिकाणी! या धावा वजा केल्या तर तुम्ही तीनच्या आत येता.”

ऑर्व्हलने शेवटच्या सामन्याचं पान उघडलं. बोट त्या पुसट अक्षरावरून दोनदा फिरवलं.

“म्हणजे तिला दिसलं होतं,” तो म्हणाला.

“मार्सीला फोन करू?”

“आणि काय सांगशील? तुझी आई खोटं लिहायची म्हणून?”

“पण तुमचं नाव, बाबा...”

“माझं नाव राहू दे. गावात अजून म्हणतात, वर्ना टेशने नवऱ्यालाही सवलत दिली नाही. ते तसंच म्हणू देत.”

भिंतीवर त्याचं नाव नाही. मी आता खणात नसते, दुपारभर व्हरांड्यात त्याच्या मांडीवर असते. आकडे खुशाल वाचा, बाबांनो, पण पान एकदा उजेडाकडे धरा, एवढंच माझं मागणं.

डुलकी लागण्याआधी तो रोज त्याच पानावर हात ठेवतो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतो, “लबाड कुठली.”