गिव्ह अपची पाच वाक्यं

माझ्या सासूबाई साठाव्या वर्षी इंग्रजी शिकायला लागल्या. मी दुकानात चष्म्यांच्या काचा बसवते, तोवर माझ्या आठ महिन्यांच्या छकुलीला त्या सांभाळतात. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की वही काखेत मारून वाचनालयातल्या वर्गाला निघतात. तिथल्या बाईंचा एकच दंडक आहे: वाक्यं आपल्या घरादारातली हवीत आणि खरी हवीत. रचलेलं वाक्य त्या सरळ खोडतात.

त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आईंनी वही पुढे केली.

"जरा नजर टाक गं. आज 'गिव्ह अप' आहे. सवय सोडणं, हार मानणं, आपली जागा दुसऱ्याला देणं, सगळीकडे चालतं म्हणे. एवढ्याशा शब्दाला केवढी कामं! अगदी माझ्यासारखं आहे बिचारं."

मी हसत हसत वाचायला लागले. पहिलं वाक्य: माझ्या नवऱ्याने तंबाखू सोडली.

"आई, बाबांनी? कालच तर..."

"तीनदा सोडलीय. खोटं कुठंय?"

दुसरं: बसमध्ये एका मुलीने मला जागा दिली. तिसरं: शेजारणीने दुसऱ्याच दिवशी डाएट सोडलं. चौथं: जावयाला कोडं सुटेना, त्याने हार मानली.

पाचवं वाचलं आणि डब्याचं झाकण हातातून खणकन खाली पडलं.

'आय गेव्ह अप माय बीपी टॅब्लेट्स.'

"चुकलं का?" आईंनी विचारलं.

"वाक्य बरोबर आहे. पण आई, हे खरं आहे?"

"बाईंना खोटं चालत नाही."

"कधीपासून?"

"झाले असतील दोन महिने."

दर महिन्याला हे स्वतः गोळ्या आणून देत होते. आई गोळ्या ठेवायच्या त्या पिठाच्या डब्यामागे मी हात घातला. पाकिटं जशीच्या तशी, एकही गोळी काढलेली नाही.

"अगं, गोळी घेतली की उठताना गरगरायचं," आई हळूच म्हणाल्या. "एकदा छकुली कडेवर होती. भिंत धरली म्हणून बरं. हातातून निसटली असती तर?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू नोकरीवर पाणी सोडलं असतंस. आत्ता कुठे तुझी घडी बसतेय."

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, छकुलीला कडेवर घेतलं आणि आईंना रिक्षात घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पुन्हा गुंडाळला. दोनशेच्या वर.

"आजी, जिना चढून आलात?"

"मग काय उडत येऊ?"

डॉक्टर हसले नाहीत. "आडव्या व्हा. गरगरतं म्हणून गोळी बदलता येते हो. आपल्या मनाने बंद करायची नसते. तासाभराने पुन्हा बघतो."

आई मुकाट्याने आडव्या झाल्या. छकुलीने त्यांचं बोट पकडलं.

"हिला कोण बघणार आता?"

"मी. तुमचं गरगरणं थांबेपर्यंत मी घरीच आहे."

"आणि दुकान?"

"ते माझं मी बघेन. आधी ही घ्या."

डॉक्टरांनी दिलेल्या नव्या गोळीचं पाकीट मी तिथेच फोडलं. आईंनी गोळी गिळली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, लहान मूल दाखवतं तसं, तोंड उघडून दाखवलं.