निळ्यांच्या जर्सीवरचा चिखल

निळ्यांच्या जर्सी धुवायला येत सोमवारी सकाळी, आणि सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलाभोवती कोर्ट भरे. नेम कित्येक वर्षांचा. न्यायाधीश एकच: कारखान्याच्या धुलाईखान्याचा मुख्य, ज्याला सगळे मास्तर म्हणत. बाकी तिघे नुसते वकील. एक दुसऱ्या भट्टीचा फिटर, एक स्टोअरचा कारकून आणि एक गेटवरचा म्हातारा दरवान. चौघेही कट्टर तांबडे.

तांबडे म्हणजे शहराचा जुना संघ, ह्यांच्या बापांनी घसा फोडून वाढवलेला. निळे म्हणजे कारखान्याचा संघ. पंधरा वर्षांपूर्वी कारखान्याने तो उभा केला, तांबड्यांचं मैदान घशात घातलं, लांबलांबून खेळाडू आणले आणि पंधरापैकी बारा वेळा लीग जिंकली. तांबडे आता आपल्याच मैदानावर पाहुण्यासारखे खेळत आणि दर वर्षी निळ्यांकडून मार खाऊन घरी जात. ज्या कारखान्यात पोट भरायचं त्याच्याच संघाला पाण्यात पाहायचं, ह्यात कामगारांना काही वावगं वाटत नव्हतं. पगार तो पगार, फुटबॉल तो फुटबॉल. असे दोन कप्पे डोक्यात करून ठेवले की माणूस सुखी राहतो, निदान काही वर्षं तरी.

आणि निळ्यांच्या जर्सी धुवायच्या कुणी, तर मास्तरने. सुरुवातीला त्याला ह्याचा संताप यायचा. मग त्याच्या लक्षात आलं की मळ बोलतो. गुडघ्यावर गवताचे डाग असतील तर खेळाडू वेळेवर आडवा पडला, पाठीवर असतील तर समोरच्याने त्याला गरकन फिरवून पाडलं. गोलकीपरची जर्सी कोरडी आली तर बचाव भक्कम. घामाचं पांढरं मीठ काखेपासून कमरेपर्यंत उतरलं असेल तर गडी शेवटपर्यंत धावला. वर्तमानपत्रवाले काय वाट्टेल ते लिहोत, मास्तर कपडे बघून सांगायचा आणि त्याचं सहसा चुकायचं नाही. ह्या विद्येचा त्याला जरा जास्तच अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही.

त्या सोमवारी त्याने टेबलावर चार नंबरची जर्सी पसरली. पाठ चिखलाने लडबडलेली, गुडघे मात्र कोरे. शेजारी गोलकीपरची, गळ्यापासून खालपर्यंत नुसता राडा. नऊ नंबरची तर नाकाला लावून हुंगली तरी घामाचा वास नाही. "हा नव्वद मिनिटं फिरायला आला होता," मास्तर म्हणाला. फिटर इतका हसला की त्याला ठसका लागला.

निळे सलग चार सामने हरले होते आणि येत्या रविवारी गाठ तांबड्यांशी होती. फिटरचं म्हणणं, निळ्यांचं दिवाळं वाजलं, ह्या रविवारी तिरडी बांधायची. दरवान मान हलवत राहिला. सहा वर्षांपूर्वी निळे असेच चार सामने हरले होते, तेव्हा ह्याच म्हाताऱ्याने आनंदाच्या भरात गेटवर पेढे वाटले होते, आणि पुढचे चौदा सामने निळ्यांनी नाकावर टिच्चून जिंकले. तेव्हापासून त्याने आशा करायचीच सोडली होती. शिवाय त्याच्याकडे ताजी बातमी होती. मागच्या आठवड्यात परगावची काही माणसं येऊन मैदान मोजून गेली, टेपा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नवीन प्रेक्षागृह बांधणार असतील, दुसरं काय? जो संघ प्रेक्षागृह बांधतो तो कसला मरतोय, असा त्याचा मुद्दा.

ह्यावर मास्तरने हुकमाचं पान टाकलं. त्याने चार नंबरची बाही उलटी करून दाखवली. तिला तीन ठिकाणी रफू होता. पूर्वी जर्सी जरा उसवली की फेकून देत आणि नवीकोरी येई. आता दोऱ्याने शिवून परत तीच. मोजे विजोड, टॉवेल विरलेले, आणि राखीव खेळाडूंचे कपडे तर दोन महिन्यांत आलेच नाहीत. "जो संघ फाटकं घालून उतरतो ना, त्याचं मन आधी फाटलेलं असतं," मास्तरने निकाल दिला. "ह्यांचं संपलं. लिहून घ्या."

कारकून एवढा वेळ डब्यातच बघत होता. तसा तो अबोल. तो हळूच म्हणाला की नवीन काही मागवू नका, असा वरूनच निरोप आहे. फिटरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बघा, साहेबांनीही हात टेकले, म्हणून त्याचं अभिनंदन केलं. कारकून हसला नाही. डबा बंद करून तो निघून गेला, आणि त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मास्तरच्या घरी त्या आठवड्यात वेगळंच कोर्ट चालू होतं. एकुलती एक लेक प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम पुरा करून बसली होती. तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक इथल्याच कारखान्यात, धातू तपासायच्या खोलीत, पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून. दुसरी बंदराच्या शहरात, एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर. इस्पितळाला गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. लेकीचा जीव इस्पितळात अडकला होता. आईने डोळ्यांना पदर लावला नाही, पण दोन दिवस ती भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने घासत होती.

बुधवारी संध्याकाळी लेक बापाजवळ येऊन बसली आणि काय करू म्हणून तिने सरळ विचारलं. खरं तर तिला "जा" एवढंच ऐकायचं होतं. मास्तरला ते कळलंही. पण लेक गेली की घर खायला उठणार, हे त्याला आत्ताच दिसत होतं. मग त्याने न्यायाधीशाचा आवाज काढला.

"इथे थांब. इस्पितळं काय, उघडतात आणि बंद होतात. आपला कारखाना माझ्या बापाने पाहिला, मी पाहिला, तुझी पोरंही पाहतील. मी आतला माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेव."

तिने ठेवला. गुरुवारी सकाळी तिने इस्पितळाला नकार कळवला आणि दुपारी आईने घरभर गाणं गुणगुणलं. मास्तरला त्या रात्री गाढ झोप लागली, हे सांगायला हवं, कारण पुढे बरेच दिवस ती लागणार नव्हती.

शनिवारी सकाळी निळ्यांची सात नंबरची जर्सी सापडेना. रविवारी सामना, आणि सात नंबर गायब. मास्तरने सगळी कपाटं धुंडाळली, मग ती चुकून कामगारांच्या बॉयलर सुटांत गेली असेल म्हणून तो मोठा ढीग उपसायला बसला. कारखान्यातल्या प्रत्येक खात्याच्या सुटाला कॉलरमागे वेगळ्या रंगाची दोऱ्याची खूण असे. दुसऱ्या भट्टीची खूण पांढरी. त्याने पांढऱ्या खुणेचा एक सूट उचलला, झटकला आणि बाजूला टाकला. दुसरा झटकला. तिसरा झटकताना त्याचा हात थांबला.

झटकल्यावर काजळी उडाली नव्हती.

भट्टीवरच्या माणसाचा सूट असा कसा? तो आला की खोलीत काळा धूर उठावा, तीन वेळा उकळून काढला तरी पाणी शाईसारखं निघावं. मास्तरने पांढऱ्या खुणेचे सगळे सूट खिडकीपाशी नेले आणि एकेक उलगडला. कोपरं स्वच्छ, छाती स्वच्छ. बाह्यांवर ठिणग्यांची जुनी भोकं तेवढी होती, नवीन एकही नाही. नाकाला लावले, तर कपाटातल्या कपड्यांचा वास आला. काहींच्या फक्त बसायच्या जागा मळल्या होत्या, बाकावर बसून बसून मळतात तशा.

मग आठवत गेलं. गेले तीन आठवडे साबण कमी लागतोय, पाणी लवकर निवळतंय, म्हणून तो मनातून खूश झाला होता. सुट्टी व्हायच्या आत काम उरकतंय, निवांत जर्सी बघत बसता येतंय! त्याने सुटांच्या कॉलरी उलट्या केल्या. आत सालाचा शिक्का असतो. सगळ्यात नवा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा. अकरा खेळाडूंच्या चड्ड्या हुंगून अख्ख्या शहराला भविष्य सांगणारा हा माणूस, त्याच्या हाताखालून नऊशे कामगारांचे कपडे जात होते आणि त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तो तसाच स्टोअरमध्ये गेला. कारकून रिकाम्या फळ्यांसमोर स्टुलावर बसला होता. मास्तरने विचारायच्या आधीच त्याने दार लोटून घेतलं.

"कधीपर्यंत?" मास्तरने विचारलं.

"हंगाम संपेपर्यंत. आधी संघ विकतील, मग मैदान, मग बाकीचं. मैदान मोजून गेले ते प्रेक्षागृहासाठी नव्हते."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की सोमवारी. तुम्ही माझं अभिनंदन केलंत." कारकून खाली बघत होता. "आणि ह्याहून जास्त बोललो असतो तर माझीच नोकरी आधी गेली असती. मलाही घर आहे."

मास्तर भर दुपारी घरी आला, तेव्हा लेक एक तारखेला घालायचे कपडे शिवत बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उठून तिने इस्पितळाला फोन लावला. दोन मिनिटं ऐकलं, बरं म्हणाली, आभारही मानले आणि फोन ठेवला. जागा शुक्रवारीच भरली होती. तिने सुई पुन्हा हातात घेतली आणि राहिलेली शिवण पुरी केली. तिने आरडाओरडा केला असता तर मास्तरला बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी सगळं शहर मैदानावर लोटलं. मास्तर जाणार नव्हता, पण लेकच म्हणाली, चला, घरात बसून काय करायचं. तांबड्यांच्या बाजूला फिटरने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. समोर साहेब लोकांचा कक्ष, एरवी फुललेला, त्यात आज दोन माणसं बसली होती आणि तीही घड्याळाकडे बघत होती. ते बघून पब्लिकने हुर्यो उडवली. सामना तर सामनाच नव्हता. निळे पाय ओढत खेळत होते, आपला निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसांसारखे. हाफ टाइमला दोन शून्य, शेवटी चार शून्य. दरवान लहान मुलासारखा रडला. शेकडो कामगार बाकांवर उभे राहून, पाय आपटून एका सुरात ओरडायला लागले की निळे संपले. पायांखाली लाकूड थरथरत होतं. मास्तरला कधी नव्हे ती त्या गर्दीची भीती वाटली.

फिटरने त्याला मिठी मारली. त्याचा आवाज पार बसला होता. "मास्तर, सांगा, पुढच्या वर्षी उठतील का हे?"

"पुढच्या वर्षी निळे नसतीलच," मास्तर म्हणाला.

फिटरने आनंदाने त्याला अख्खाच्या अख्खा उचलला. त्याच्या खांद्यावरून मास्तरला लेक दिसली. ती ओरडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत थांबली होती. बुधवारी ती अशीच बघत बसली होती, आणि तेव्हा तो धडधडीत खोटं बोलला नव्हता, पण खरं काय ते बघायची तसदीही त्याने घेतली नव्हती. आज निदान खरं सांगणं तरी भाग होतं.

"खाली ठेव मला," तो म्हणाला, आणि त्याने फिटरचं डोकं जवळ ओढून त्याच्या कानात सांगितलं. कारखान्याचं, मैदानाचं, तीन आठवडे स्वच्छ येणाऱ्या सुटांचं.

फिटर आधी हसला. "काहीतरीच काय मास्तर. भट्टी दुरुस्तीला काढलीय. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, दुरुस्ती चालू आहे, तोवर बसून राहा." एवढं बोलून तो थांबला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, उलटेसुलटे करून पाहिलं.

"दुरुस्ती असती तर ती मीच केली असती ना," तो म्हणाला.

तो बाकावर बसला. आजूबाजूला सगळे उभे राहून ओरडत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. बराच वेळ तो निळ्यांच्या खेळाडूंना मैदानाबाहेर जाताना बघत राहिला. मग त्याचं लक्ष मास्तरच्या लेकीकडे गेलं आणि चेहऱ्यावर जरा जीव आला. तिच्या इस्पितळाचं त्याने धुलाईखान्यात ऐकलं होतं, मास्तरनेच कौतुकाने सांगितलं होतं.

"चला, पोरी, तू तरी सुटलीस ह्यातून," तो म्हणाला. "कधी निघतेयस?"

"मी नाही जात, काका," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, थांब."