सावलीत बसणारी

मित्रांनो, उत्तरेकडच्या थंड, खडकाळ स्मोलंड मुलखात, एका लाल लाकडी घरासमोर मी दीडशे वर्षे उभा आहे. मी लिंडन जातीचा वृक्ष. आमच्याकडे नवे घर बांधले की अंगणात एक राखणदार झाड लावतात. त्याचे पान कोणी तोडत नाही, आणि घरातली बाई बाळंतपणात अडली की त्याच्याच खोडाला मिठी मारते.

घर बांधणाऱ्या एलोफला खरे तर जहागीरदाराच्या बागेतला परदेशी अक्रोड हवा होता. त्याची आई बोटिल ते ऐकून हसली.

“लाव की. पहिल्याच हिवाळ्यात काळा पडेल, मग बस त्याच्या सांगाड्याखाली कॉफी पीत. अरे, इथल्या मातीतलं चिवट झाड आण, लिंडन आण. आणि खणायच्या आधी मुळाशी बिअर ओत, परवानगी माग.”

एलोफ आईचे अर्धेच ऐकणारा. जंगलात एक टेकाड आहे, फार जुन्या काळची माणसे त्यात पुरलेली आहेत. तिथे मी सरळसोट वाढलेला त्याच्या नजरेत भरलो. चालून चालून त्याला तहान लागली होती. बरोबर आणलेली बिअर तो स्वतःच प्यायला आणि त्याने कुदळ मारली. माझ्या मुळांत काहीतरी गुंतले होते. त्याला तो दगड वाटला, आणि त्याने मला त्याच्यासकट घरी आणून लावले. तो दगड नव्हता, टेकाडात पुरलेल्या कोणाचे तरी हाड होते, पण झाडाला सांगता कुठे येते?

अंगणात मी जोमाने वाढलो. येणारेजाणारे कौतुक करत. गाई मात्र माझ्या सावलीत बसत नसत. बर्फ पडले की बुंध्याशी एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी राही.

“तिथं कोणीतरी बसतं,” एलोफची बायको गुनवोर एकदा म्हणाली.

“तुझी आई असेल. जेवणाची वाट बघत असेल,” एलोफ म्हणाला. पण त्या दिवसापासून तोही माझ्या खालून जाईनासा झाला.

गुनवोरची दोन मुले जन्मताच गेली. ती माझ्यामुळेच गेली, असे एलोफच्या मनाने घेतले. तिसऱ्या वेळी तिचे दिवस भरत आले, तेव्हा त्याने कुऱ्हाडीला धार लावून ठेवली.

जून महिना होता. दोन दिवस कळा देऊनही सुटका होईना, तेव्हा बोटिलने सुनेला भर दुपारी माझ्याकडे आणले. गुनवोरने मला मिठी मारली. आणि पलीकडून आणखी दोन हात आले. मला किती भीती वाटली, काय सांगू?

“सासूबाई, हात किती गार आहेत तुमचे.”

“माझे? पोरी, मी तर तुझ्या पाठीमागं उभी आहे.”

एलोफ कुऱ्हाड घेऊन धावत आला. “बाजूला हो, गुनवोर.”

“ठेव ती खाली,” ती धापा टाकत म्हणाली. “तिनं धरलंय मला. तिनं सोडलं तर मी पडेन.”

एलोफचा हात तिथेच थांबला. ऊन कलले तरी ती पकड सुटली नाही. मग मुलगी जन्मली, आणि रडली. गुनवोरच्या मनगटांवर आठवडाभर बोटांचे निळे वळ होते.

दुसऱ्या दिवशी एलोफने बिअरने भरलेला मग माझ्या बुंध्याशी ओतला. “चुकलो,” तो टोपी काढून म्हणाला. “बसा तुम्ही.”

आता ती माणसे राहिली नाहीत. नवे मालक म्हणतात, माझ्यामुळे खोल्यांत अंधार येतो. काल एकजण दोरी घेऊन माझा घेर मोजून गेला. मित्रांनो, झाड निवडताना त्याच्या आश्रयाला कोण आहे तेही पाहत जा, आणि तोडताना तर नक्कीच पाहा. या लोकांना माझे सांगणे ऐकू जात नाही. तुम्ही तरी त्यांना सांगा. मला तोडायचेच असेल तर तोडा. फक्त आधी घरात तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी करून ठेवा.