भिंतीवरचे बाबा

निशिकांतरावांनी तिसरा शर्ट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि तोही काढून पलंगावर फेकला.

"बाबा, तालमीला जायचंय, लग्नाला नाही," अनघा दारातून म्हणाली. "टॅक्सी खाली येऊन थांबलीय."

"अगं, पण भूमिका काय आहे तेच कळत नाही! बंगलेवाला म्हातारा आहे की पेन्शनर? पेन्शनर असेल तर हा चालायचा नाही."

"कुठलाही घाला. चला लवकर."

शेवटी त्यांनी पहिलाच घातला.

ईस्ट कोस्टच्या लेकीच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बुओना व्हिस्टाला पोचेपर्यंत त्यांना चैन नव्हतं. काच खाली कर, वर कर, घसा साफ कर, तोंडातल्या तोंडात एकच वाक्य तीन आवाजांत म्हणून बघ. टॅक्सीवाल्यानं आरशातून दोनदा मागं पाहिलं.

"त्या सारंगनं वाक्यं पाठवायला नकोत का?"

"तो म्हणाला, काकांना काही पाठ करायची गरजच नाही."

"असं कुठं असतं? पाठांतराशिवाय नट? काय मंडळ आहे का चेष्टा?"

अनघानं खिडकीबाहेर पाहिलं. ही तालीम जुळवून आणली होती तिनंच. पुण्याहून एका टीव्ही मालिकेचा फोन आल्यापासून घरात नुसती धुसफूस चालली होती. नायिकेचे आजोबा, भरपूर वाक्यं, शेवटच्या भागापर्यंत काम. असलं काम निशिकांत पेठ्यांना उभ्या आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. आणि अनघा ठाम नाही म्हणत होती. बायपासला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आई गेल्यापासून पुण्यातलं घर बंद होतं, ती इथं परदेशात असताना तिथं यांना वेळेवर गोळ्या कोण देणार? म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळाचं नाटक बसतंय असं कळल्यावर तिनं लगेच सारंगला फोन लावला होता. तो म्हणाला, अगं, सगळं नाटक काकांभोवतीच फिरतं. तिला एकदम हायसं वाटलं. इथंच काम मिळालं तर पुण्याचं खूळ डोक्यातून जाईल, असा तिचा सरळ हिशोब होता.

निशिकांतरावांनी मराठी सिनेमात नायक सोडून सगळं केलं होतं. डॉक्टर, हवालदार, वधूपिता, न्यायाधीश, नायिकेला नोकरी नाकारणारा साहेब. एखादा नट आयत्या वेळी आला नाही की "पेठ्यांना बोलवा" म्हणायचे. रस्त्यात माणसं थांबवायची, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय म्हणायची, मग आठवून आठवून विचारायची, तुम्ही बँकेत होता का हो? हे म्हणायचे, होतो, कॅशियर होतो. कटकट नको म्हणून. पण घरी आल्यावर चपला भिरकावून द्यायचे. राग यायचाच की! कुणाला नाही येणार?

काँडो सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये एसी नको इतका गार होता. आयटीतली नि बँकांतली दहाबारा मंडळी टी-शर्टवर जमली होती, डब्यातले पोहे फिरत होते. निशिकांतराव आत शिरताच सगळे वाकून पाया पडले. त्यांची छाती जराशी पुढं आली.

"काका, तुमच्याशिवाय हे नाटक उभंच राहत नाही," सारंग म्हणाला. नाटक त्यानंच लिहिलं होतं आणि तोच बसवत होता.

"ते राहू दे. माझी एंट्री कुठं आहे?"

"एंट्री कसली? पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तुम्ही स्टेजवरच!"

निशिकांतरावांनी अनघाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिनं नजर खाली वळवली.

"म्हणजे काय झालंय," सारंग उत्साहानं सांगत होता, "वडील वारलेत, तिथून नाटक सुरू होतं. मग मुलगी त्यांच्याशी बोलते. फोटोशी. आमच्या आईनं तुमचा एकेक सिनेमा पाहिलाय काका. ती म्हणाली, भिंतीवरचे वडील म्हणजे पेठेच हवेत. दुसरं कुणी नको!"

आणि त्यानं कापडाखालची फ्रेम काढून भिंतीला टांगली. कुठल्याशा सिनेमातल्या निशिकांतरावांचा फोटो मोठा करून आणला होता. शेजारी टेबलावर लिटल इंडियातून आणलेला चंदनाचा हार होता.

पोरगा मनापासून बोलत होता, हेच वाईट होतं. खोटं काही नव्हतंच त्यात. नायकाचे स्वर्गवासी वडील म्हणून पेठ्यांचा फोटो किती सिनेमांत भिंतीवर लागला होता, त्यांचं त्यांनाही आठवत नसेल. असं काम करून आले की अनघाची आई त्यांना उंबऱ्यातच थांबवायची, मीठ-मोहऱ्या ओवाळायची, आणि मग घरात घ्यायची. एकदा थिएटरात चार वर्षांची अनघा खुर्चीवर उभी राहून ओरडली होती, बाबा घरी आहेत! आमचे बाबा घरी आहेत! सगळं थिएटर हसलं होतं.

"फ्रेम झकास आहे," निशिकांतराव म्हणाले.

"अनघा, तू उंच आहेस, जरा हार घालतेस? म्हणजे मुलीचं काम करणाऱ्या आपल्या कादंबरीला नीट बघून बोलता येईल."

अनघानं हार हातात घेतला. भिंतीपर्यंत गेली. फोटोतले बाबा तिच्याच आत्ताच्या वयाचे होते.

"तिरका नको जायला हं," मागून निशिकांतराव म्हणाले. "तिरका गेला तर लोक हसतात."

"मी नाही घालणार."

"अगं, नाटक आहे," सारंग म्हणाला.

"जिवंत माणसाच्या फोटोला मी हार घालणार नाही. तुला कळतं का काही, सारंग?"

निशिकांतराव पुढं आले, त्यांनी तिच्या हातातून हार घेतला, स्वतःच्या फोटोला स्वतः घातला, दोन पावलं मागं येऊन पाहिलं आणि एक टोक जरासं ओढून सारखं केलं.

"सवय आहे मला. चला, सुरू करा रे!"

कादंबरी फोटोसमोर उभी राहून बोलू लागली. बाबा, तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. बाबा, त्या दिवशी तुम्ही का गप्प बसलात? चांगली करत होती, एकदोघांनी डोळे पुसले. अनघा मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहत होती. निशिकांतराव तिथं पुढं सरकून बसले होते. आणि कादंबरीचं वाक्य संपलं की त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. भिंतीवरचे बाबा तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते, आणि मध्येच अडलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.

मी हे काय करून बसले, असं अनघाला झालं.

परत जाताना टॅक्सी नको म्हणाले. बुओना व्हिस्टाच्या स्टेशनवर एमआरटी मेट्रोची वाट पाहत दोघं उभी होती. ते काचेच्या दारापाशी येरझारा घालत होते.

"बाबा, तुम्ही जा पुण्याला."

ते थांबले.

"खरंच सांगतेय. मी रजा टाकते, सुरुवातीला बरोबर येते. गोळ्यांचं काहीतरी लावून देऊ. त्यांना आजच कळवा, येतो म्हणून."

निशिकांतरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"ते काम गेलं."

"गेलं म्हणजे?"

"दुसऱ्याला दिलं. गेल्या महिन्यातच, तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी फोन आला होता."

"अहो, मग काल सकाळी माझ्याशी भांडलात ते? ताटावरून उठलात ते काय होतं?"

ते पुन्हा काचेच्या दाराकडे वळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तू जाऊ देत नव्हतीस तोवर ते काम माझं होतं गं."

अनघानं पर्सचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही काहीही म्हणा," ती म्हणाली, "मी तुम्हाला त्या शूटिंगला पाठवणार नाही."

निशिकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"या वयात बारा-बारा तास दिव्यांखाली उभं राहायचं? मुळीच नाही. त्यांना म्हणावं, दुसरा नट बघा."

तिचा आवाज थोडा कापला, पण तिनं वाक्य पुरं केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मग त्यांनी पाठ ताठ केली, घसा खाकरला, आणि शेजारच्या चिनी आजीबाईंनी दचकून वर पाहावं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"दुसरा नट? ती भूमिका माझी आहे! तू कोण मला अडवणारी?"

"मी तुमची मुलगी आहे!"

"असशील! मी जाणार!"

गाडी येईपर्यंत बापलेक प्लॅटफॉर्मवर कडाकडा भांडत राहिले.