उलटी बटणं

नवा बॉयलर आला, पण तो चालवणारा कॉम्प्युटर जुनाच, आणि त्याची म्हातारी सिस्टिम नव्या माउसचं तोंड बघायला तयार नव्हती. मेकॅनिकने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अडगळीतून गोल पिनेचा माउस आणून जोडला, तेव्हा कुठे पडद्यावरचा बाण हलला. पण बटणं उलटी! कुणीतरी ती डावखुऱ्यासाठी बदलून ठेवली होती.

"साहेब, जुन्या बॉयलरच्या स्फोटात गेला तो ऑपरेटर डावखुरा होता का?"

"छे, उजवा," मालक म्हणाले. "त्याच्याशिवाय या कॉम्प्युटरला कुणी हातही लावत नसे."

"मग ही बटणं कुणी बदलली?" मेकॅनिक बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मालकांनी डाव्या हाताने दाराला आतून कडी लावली.